नाव, वय, राहणार

मंगळवार, १७ मे २०२२. उष्मा ४४ च्या वर. सकाळी नळाला पाणी आलं, टाकी भरली. उडदाचे पापड वाळले, डब्यात भरले. दुपारी कूलरची मोटर बंद पडली, मिस्त्री उद्या येतो म्हणाला. ५.४० ला अतिकचा फोन, आवाज तुटत होता. भिकुबाईंच्या मुलाला शेवटचं पाणी पाजणारा माणूस सापडला. कोसा मुचाकी, २६, रा. हिरमेटा. नाव भिकुबाईंना सांगा, पण छापू नका म्हणाला. ६.३५ ला जेवण आटोपलं. ६.५० ला रोनकचा फोन. अतिकची बातमी आली, त्यात नाव नाही, त्याचा फोन लागत नाही, पान थांबलं आहे. नाव, वय, गाव दिलं.

ही माझ्या डायरीतली नोंद आहे, जशी लिहिली तशी उतरवली. सहासष्ट वर्षं मी रोज डायरी लिहिते. भुसावळच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी ती सवय लावली. जे घडलं ते लिहा, ज्या क्रमानं घडलं त्या क्रमानं लिहा, मत लिहायचं असेल तर वेगळी वही घ्या, असं त्या सांगायच्या. मी वेगळी वही कधी घेतली नाही.

माझं नाव प्रेमकुंवर सुभाषचंद छाजेड, वय ७८, राहणार जळगाव. माझ्या यजमानांनी जळगावात एक दैनिक सुरू केलं. ते २००९ साली गेले. आता दैनिक माझा नातू रोनक पाहतो. खाली जे लिहिते आहे ते आमच्या दैनिकात छापून यायचं नाही, म्हणून इथं देते आहे. हे अतिकबद्दल आहे.

अतिक सत्तार पिंजारी हा धरणगावचा. वडील कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचे. अतिक बी.ए. झाला आणि कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात हजेरी लिहायला लागला. १९९९ साली त्या जिनिंगला आग लागली, तेव्हा तो एका जाहिरातीच्या कागदामागं बातमी लिहून आमच्या ऑफिसात आला. चोवीस वर्षांचा होता. मी तिथंच मुद्रितं तपासत बसले होते. यजमानांनी कागद वाचला.

"एक मजूर भाजला, असं लिहिलंयस. कोण मजूर?"

"नाव माहीत नाही, भाऊ."

"नाव माहीत नाही, मग भाजला हे तरी कशावरून?"

"मी पाहिलं ना."

"तू पाहिलं, वाचणाऱ्यानं नाही पाहिलं. नाव, वय, राहणार. हे तीन नसतील तर ती बातमी नाही, अफवा आहे. जा."

तो सायकल आणि एसटी करत तीस किलोमीटर परत गेला आणि दिवस मावळायच्या आत हजर झाला. कागद पुढं ठेवून म्हणाला, "नाव, वय, राहणार. त्याच्या म्हशीचं नाव पण विचारून आलोय भाऊ, लागलं तर असू द्या." यजमान हसताना मी फार वेळा पाहिले नाहीत. त्या दिवशी हसले.

तेव्हापासून तो आमचा धरणगावचा बातमीदार. अपघात, विहिरीतले मृत्यू, कापसाचे भाव, पाण्याचे मोर्चे. मेलेल्याच्या घरी गेला की आधी बाहेर ओट्यावर बसायचा, चहा आला तर प्यायचा, आणि वय सगळ्यात शेवटी विचारायचा. यजमान गेल्यावर तो रोज संध्याकाळी मला फोन करू लागला. आधी शुद्धलेखन विचारायला, मग नुसताच. आम्ही जैन, सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेत नाही, मी जेवून डायरी घेऊन बसते, हे त्याला ठाऊक होतं. "अक्का, डायरीत आजचा दिवस शिल्लक आहे का अजून?" अशी सुरुवात करायचा.

आमच्याकडे प्यायचं पाणी आधी दुहेरी फडक्यानं गाळतात, पाण्यातला जीव मरू नये म्हणून, आणि मग उकळतात. पहिल्यांदा घरी आला तेव्हा मला गाळताना पाहून म्हणाला, "आमच्या धरणगावात हे जमायचं नाही अक्का. तिथं पाणीच नाही, जीव कुठून येणार." एवढा मोकळा होता.

आता २०२२ सालाबद्दल.

एप्रिलमध्ये चोपडा तालुक्यातला एक जवान छत्तीसगडच्या जंगलात मारला गेला. पुना त्याचं नाव, वय २९. पेटी बंद आली, बंदच जाळली. त्याची आई भिकुबाई. दशक्रियेपर्यंत जो जो भेटायला आला, साहेब असो की पुढारी, त्याला तिनं एकच विचारलं: "मना पोऱ्याले मरतांना पानी भेटनं का?" साहेब म्हणाले, जागच्या जागी गेला, त्रास झाला नाही. पुढाऱ्यांनी नमस्कार केला. अतिक बातमीसाठी गेला होता, त्यालाही तिनं विचारलं. त्यानं पुनाच्या तुकडीतल्या एका जवानाचा फोन मिळवला. तो म्हणाला, पुना जागच्या जागी गेला नाही. आम्हाला मागं हटावं लागलं. तो नाल्यात दोन तास जिवंत होता.

हे भिकुबाईला सांगायचं कसं? अतिकनं ठरवलं, पाणी मिळालं की नाही ते आधी पाहायचं. रोनकनं त्याला लगेच पाठवलं. लेखमालेचं नाव त्यानं अतिक निघायच्या आधीच ठरवून टाकलं, 'थेट रणभूमीतून'.

दहा दिवस अतिक तिथं होता. काही दिवस फोन लागायचा, काही दिवस नाही. जे त्यानं सांगितलं ते डायरीत रोजच्या पानावर आहे. त्यातलं थोडं देते.

तिथल्या एका बातमीदारानं त्याला मोटरसायकल दिली आणि बजावलं, हेल्मेट घालू नको, दोन्ही बाजूंना तोंड दिसलं पाहिजे. पोलिसांच्या तळावर त्याला दोन तास उन्हात उभं केलं आणि फोनमधले सगळे फोटो पाहिले. तिथून सहा किलोमीटरवर दोन मुलींनी अडवलं. सोळा-सतरा वर्षांच्या, खांद्याला बंदुका. त्यांनीही उन्हात उभं केलं, फोन पाहिला, तेच प्रश्न विचारले. "अक्का, दोन्हीकडच्यांनी शाझियाचा फोटो पाहून विचारलं, ही कोण. मी दोन्हीकडे सांगितलं, बायको. दोन्हीकडे हसले." शाझिया ही त्याची बायको.

जंगलातल्या बंदूकवाल्यांना तिथं 'अंदरवाले' म्हणतात. बाजाराच्या दिवशी लोक रस्त्याकडे पाठ करून बसतात, कोण आलं ते आपण पाहिलं नाही असं सांगता यावं म्हणून. तळाजवळच्या शाळेतली पोरं नुसत्या आवाजावरून सांगतात, ही गोळी यांची, ही त्यांची. आपली पोरं हॉर्नवरून एसटी ओळखतात, तसं.

१२ मेला त्यानं चकमकीतली तीन प्रेतं पाहिली. काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून बांबूला बांधून आणली होती. एका प्लास्टिकमधून पाय बाहेर आला होता, बोटांची नखं रंगवलेली. एक म्हातारी आली आणि एकेकाचं प्लास्टिक उचलून पाहू लागली. पहिलं पाहिलं. दुसऱ्याकडे पाहत राहिली. मग तिसऱ्याचं उचललं आणि लगेच टाकलं. शिपायानं विचारलं, यातलं कोणी तुझं आहे का? ती नाही म्हणाली आणि निघून गेली. अतिक मला म्हणाला, "दुसरं तिचं होतं अक्का. रडली असती तर घर दाखवावं लागलं असतं."

१४ मेला तो स्वतः गोळीबारात सापडला. चाळीस मिनिटं एका कोरड्या ओढ्यात पालथा पडून होता. "दोनदा कलमा म्हटला. तिसऱ्या वेळी शब्द आठवेनात. मग मी आपले तालुक्यातले सरपंच मोजत पडलो, गावाप्रमाणं." हे सांगताना तो हसत होता, आणि हसणं थांबत नव्हतं. मी फोन कानाला धरून वाट पाहिली.

पण त्याला सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. "इथं नाव विचारलं की माणूस उठून जातो, अक्का. चार दिवसांत एकानं नाव सांगितलं नाही. कोण तू, तर म्हणे गाववाला. वय विचारलं तर हसतात. भाऊ असते तर माझी एक बातमी लागली नसती."

कोसा मुचाकी त्याला सहाव्या दिवशी भेटला. गुरं चारायला गेला असताना त्याला नाल्यातून कण्हणं ऐकू आलं होतं. त्याच्याकडे भोपळ्याच्या तुंब्यात पाणी होतं. पुना तीन घोट प्यायला. मग एकच शब्द म्हणत राहिला. कोसाला ती भाषा येत नव्हती, पण शब्द लक्षात राहिला होता. तो शब्द 'माय' होता. कोसानं हे कोणाला सांगितलं नव्हतं. जवानाला पाणी पाजलं हा अंदरवाल्यांकडे गुन्हा, आणि जवान पडलेला पाहून तळावर कळवलं नाही हा तळाकडे गुन्हा. अतिकला त्यानं पहिल्या दिवशी नाव सांगितलं नाही. अतिकनं भिकुबाईबद्दल सांगितलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी सांगितलं. आईला सांग, म्हणाला. तेच नाव १७ मेच्या संध्याकाळी अतिकनं मला सांगितलं.

रोनकला ते मी का दिलं?

कोणी बळजबरी केली नव्हती. रोनक फक्त म्हणाला, "दादी, पहिल्या पानाची बातमी आहे आणि माणसाला नाव नाही. लोक म्हणतील, ऑफिसात बसून लिहिली." मला यजमान आठवले. आमच्या पहिल्या पानावर निनावी माणूस कधी आला नव्हता. अतिक तिथं राहून घाबरा झाला आहे, असं मला वाटलं. आणि हेही वाटलं की त्या जंगलात जळगावचा मराठी पेपर कोण वाचणार? रोनक सगळं पान संध्याकाळीच मोबाइलवर टाकतो, हे मला माहीत होतं. त्या वेळी ते डोक्यात आलं नाही. मी चष्मा लावला आणि डायरीतून वाचून दाखवलं. अक्षरं एकेक करून सांगितली, चूक होऊ नये म्हणून.

१८ मेला बातमी आली, शीर्षक 'शेवटचं पाणी'. १९ ला अतिक परत आला तो स्टेशनवरून थेट माझ्याकडे. हातात घडी केलेला पेपर होता.

"अक्का, डेस्कनं नाव कुठून काढलं?"

मी म्हटलं, "रोनकला विचार."

रोनकनं त्याला सांगितलं, तुझ्याच मेसेजमध्ये होतं. अतिकनं त्या दिवशी झाडावर चढून, रेंज येईल तसे तुकड्या-तुकड्यांत मेसेज पाठवले होते. काही गेले होते, काही नाही, आणि तळावर परत फोन तपासतील म्हणून त्यानं सगळे पुसून टाकले होते. त्याला वाटलं, गेलं असेल आपल्याच हातून.

२१ तारखेला भिकुबाई ऑफिसात आली. पेपरातलं नाव तिनं कोणाकडून तरी दहा वेळा वाचून घेतलं होतं. कोसाच्या बायकोसाठी तिनं लुगडं आणि नारळ आणला होता. अतिकच्या हातात देऊन म्हणाली, "तिले सांग, तुना धनीनी मना पोऱ्याले पानी पाजं, तू मनी पोर शे." अतिकनं ते आपल्या पिशवीत ठेवलं.

रविवार, ५ जून. धुळ्याच्या एका संस्थेनं अतिकचा सत्कार ठेवला होता. मीही गेले होते, पुढच्या रांगेत होते. शाल घातली, श्रीफळ दिलं. पाहुणे बोलायला उभे राहिले आणि खान्देशच्या मातीबद्दल बराच वेळ बोलले. अतिकचा फोन थरथरला. त्यानं शालीच्या आड धरून पाहिला. मग फोन उलटा करून मांडीवर ठेवला आणि पाहुण्यांकडे पाहत राहिला. टाळ्या झाल्या तेव्हा त्यानंही वाजवल्या.

गाडीत त्यानं मला फोन दाखवला. तिथल्या बातमीदारानं फोटो पाठवला होता. पोलिसांनी आमची बातमी मोबाइलवर पाहिली आणि कोसाला उचललं. तीन दिवस ठेवून विचारलं, जवान कुठं पडला होता, अंदरवाले कुठून आले होते. मग सोडून दिलं. जिवंत सोडलं म्हणजे तो पोलिसांचा झाला. चार दिवसांनी अंदरवाल्यांनी गाव गोळा केलं. फोटोत तो बाभळीखाली पडलेला होता आणि छातीवर काटा टोचून आमच्या पहिल्या पानाची प्रत लावली होती. तीन शब्दांखाली लाल रेघ होती. नाव, वय, गाव. फोटोखाली बातमीदारानं लिहिलं होतं, 'आपकी खबर'.

मी फोन परत दिला. अतिक म्हणाला, "अक्का, तुम्हाला उलटी होईल, काच खाली घ्या." मला झाली नाही. त्याला झाली.

दुसऱ्या दिवशी तो परत तिकडे गेला. लुगडं पिशवीतच होतं. हिरमेट्यात कोणी त्याला अडवलं नाही आणि कोणी मारलंही नाही. कोसाची बायको वीस-एकवीस वर्षांची. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. एका म्हाताऱ्यानं कागद दाखवून हिंदीत विचारलं, तूने लिखा? तो हो म्हणाला. लुगडं कोणी हातात घेतलं नाही. म्हाताऱ्यानं आतून तोच तुंबा आणला आणि त्याच्यापुढं धरला. पी और जा. परत आल्यावर अतिक मला इतकंच म्हणाला, "मी सगळं पाणी प्यायलो, अक्का. तहान लागली होती."

मग बोभाटा झाला. पत्रकारांच्या सगळ्या ग्रुपवर तो फोटो फिरला. कोणी म्हणालं, नाव विकलं. कोणी म्हणालं, पिंजारीच तो, माणसालाही पिंजून काढलं. मुंबईहून दोन जण रोनकला प्रश्न विचारायला आले. तिसऱ्या दिवशी पहिल्या पानावर तळाला चौकट आली: तालुका बातमीदार अ. स. पिंजारी यांचा यापुढे दैनिकाशी संबंध नाही, सदर मजकूर त्यांनीच पाठवलेला होता. त्या चौकटीचं मुद्रित रोनकनं घरी आणून मला दाखवलं. 'यापुढे' हा शब्द सुटा छापला होता, तो मी जोडून दिला.

जुलैत अतिक घरी आला. दाढी वाढली होती. बसला नाही.

"अक्का, तुमच्या डायरीत पाहा ना. सतरा मे. मी तुम्हाला नाव सांगितलं होतं का? छापू नका म्हटलं होतं का? मला आठवत नाही. तुमच्याकडे लिहिलेलं असतं."

मी डायरी आणली. मोठ्यानं वाचली. पापड वाचले, कूलरची मोटर वाचली, त्याचा फोन वाचला, पाणी पाजणारा माणूस सापडला इथपर्यंत वाचलं. त्यापुढं वाचलं, "६.३५ ला जेवण आटोपलं." आणि वही मिटली.

"एवढंच?"

"एवढंच आहे."

"बरं," तो म्हणाला. चपला घालताना त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, त्याचा विश्वास बसला.

त्याला कोणी ठेवून घेतलं नाही. चोपडा नाही, एरंडोल नाही, धुळे तर नाहीच. तो वडिलांच्या दुकानात बसला. सत्तारभाई वारले होते, कापूस पिंजायचं मशीन बंद होतं, ते त्यानं चालू केलं. त्या वर्षी संवत्सरीला मी नेहमीप्रमाणं सगळ्यांना क्षमापनेची कार्डं पाठवली, त्यालाही. आमच्यात या दिवसांत वर्षभरात कळत नकळत ज्याला दुखवलं असेल त्याला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतात, आणि समोरचाही तेच म्हणतो. अतिक वीस वर्षं फोन करून म्हणायचा, "मिच्छामि दुक्कडम् अक्का, माझं पण धरून घ्या." त्या वर्षी फोन आला नाही.

पुढच्या वर्षी, संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी, २० सप्टेंबर २०२३ ला, मी उपवासाचं पारणं करून सकाळच्या एसटीनं धरणगावला गेले. पिशवीत २०२२ ची डायरी होती. रोनकला सांगितलं नव्हतं.

दुकान बसस्टँडपासून जवळच आहे. शाझिया दाराशी रजईला टाके घालत होती. आत अतिक मशीनवर होता, भुवयांवर कापूस.

"अक्का, तुम्ही?" शाझिया उठली. "एकट्या आल्या? या, बसा. पाणी देऊ?"

"त्यांना नको देऊ," अतिक आतून म्हणाला, मशीन चालूच. "त्यांचं गाळलेलं लागतं."

मी स्टुलावर बसले. शेजारी भरलेल्या गाद्यांचा ढीग होता, प्रत्येकीवर चिठ्ठी. 'निळी'. 'चौकडीची'. 'जुनी, कोपरा फाटका'. शाझिया हळूच म्हणाली, "नावच विचारत नाहीत अक्का गिऱ्हाइकाला. मागल्या महिन्यात लग्नाची गादी दुसऱ्याच घरी गेली. लोक वैतागतात."

मी म्हटलं, "अतिक, मिच्छामि दुक्कडम्."

त्यानं मशीन बंद केलं. कापूस हळूहळू खाली बसला.

"कशाबद्दल?"

"असं कोणी विचारत नसतं. मनानं, वाणीनं, कायेनं जे काही..."

"जे काही नाही चालत, अक्का. भाऊंनी मला परत पाठवलं असतं."

मग मी डायरी काढली. चष्मा लावला आणि १७ मे सगळा वाचला. या वेळी काही गाळलं नाही. शाझियाची सुई थांबली. शेवटचं वाक्य वाचलं: नाव, वय, गाव दिलं.

अतिक माझ्याशी नेहमी शाळेतलं मराठी बोलायचा. त्या दिवशी म्हणाला, "माले माहीत शे."

मी चष्मा काढला.

"पान लावणाऱ्यानं सांगितलं मला. जूनमध्येच. हिरमेट्याहून आलो त्याच आठवड्यात. म्हणाला, रोनकशेठ फोनवर दादींकडून अक्षरं घेत होते, मी टाइप करत होतो."

"मग जुलैत का विचारायला आलास?"

"तुम्ही वाचता का, ते पाहायला." तो बोटांवरचा कापूस काढत होता. "चांगलं वाचलं अक्का. माणूस सापडला, आणि एकदम जेवण. जराही अडखळला नाहीत. मी म्हटलं, शिकलेलं माणूस ते शिकलेलंच."

शाझिया म्हणाली, "जाऊ द्या ना आता."

"तू शिव," तो तिला म्हणाला. मग मला: "मी कोणाला सांगणार होतो? छाजेडांची अक्का खोटं बोलते, असं पिंजाऱ्यानं सांगायचं? पुरावा तुमच्याकडे. पान तुमच्याकडे. पेपर तुमचा."

मी म्हटलं, "माझी चूक झाली. तू म्हणशील ते करते."

"छापा."

"काय?"

"चौकट छापली होती ना माझी? तशीच. पहिल्या पानावर, तळाला. नाव कोणी दिलं ते. नाव, वय, राहणार. भिकुबाई मला दारात उभी करत नाही आता. म्हणते, तू मनी पोरनं कुंकू पुसं. तिला वाचून दाखवेन."

मला हो म्हणता आलं असतं. त्या क्षणी तोंडात दुसरंच आलं. मी म्हटलं, "रोनकला विचारते."

तो हसला. गोळीबाराबद्दल फोनवर सांगताना हसला होता, तसं नाही. साधं हसला, पूर्वी ऑफिसात हसायचा तसं. "विचारा," म्हणाला. "मी मिच्छामि दुक्कडम् म्हणणार नाही आज, अक्का. ते कोसानं म्हणायचं." आणि मशीन चालू केलं. त्या आवाजात पुढं काही बोलता येत नाही. शाझियानं मला एसटीत बसवून दिलं, हात धरून.

साडेपाचला घरी पोचले. रोनक आला होता. मी सगळं सांगितलं, आणि छाप म्हटलं.

"दादी, आता कशाला? सव्वा वर्ष झालं. लोक विसरले."

"तो विसरला नाही."

"तो कोर्टात तर गेला नाही ना? गादीवाल्यानं सांगितलं म्हणून आपण आपलं नाव घालवायचं? दादाजींचा पेपर आहे." मग आवाज उतरवून म्हणाला, "तुम्ही क्षमा मागितली ना? काल संवत्सरीचं प्रतिक्रमण झालं, आज जाऊन मागून आलात. मग झालं की. तुमच्या बाजूनं मिटलं."

मी बरं म्हटलं. त्यानं माझ्या पायांना हात लावला आणि ऑफिसला गेला. दिवस अजून अर्धा तास शिल्लक होता. मी जेवले, हात धुतले आणि डायरी घेऊन बसले. धरणगावला गेल्याची नोंद केली नाही. त्या संध्याकाळच्या पानावर एकच ओळ आहे:

प्यायचं पाणी दुहेरी फडक्यानं गाळून, उकळून ठेवलं. फडकं धुऊन दोरीवर वाळत घातलं.